दुप्पट पावसाची चार वर्षं

तपासणी अहवालातलं ते वाक्य फक्त आठ शब्दांचं होतं. ‘निरीक्षक पावसाचे आकडे घरी बसून लिहितो, असे दिसते.’ त्या आठ शब्दांनी एका माणसाची नोकरी गेली, राहतं घर गेलं, आणि पुढची एकोणतीस वर्षं त्याच्या घरात कुणी मोकळेपणाने हसलं नाही. लिहिणाऱ्याने मात्र त्याच अहवालावर बढती घेतली.

तो माणूस म्हणजे, जिला पुढे सगळे दुरुस्तीबाई म्हणू लागले, तिचे बाबा. उजाड माळावर तारेचं कुंपण, कुंपणात झडपांची पांढरी पेटी, पेटीत तापमापक, बाजूला जमिनीत रोवलेला पर्जन्यमापक आणि पन्नास पावलांवर दोन खोल्या, एवढा त्यांच्या हवामान केंद्राचा कारभार. सकाळी साडेआठला ते कुंपणाचं दार उघडायचे. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, साडेआठ म्हणजे साडेआठ. त्या मुलखात वर्षाकाठी वीस दिवस पाऊस झाला तरी चंगळ. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस बाबा कोरडा मापक उघडायचे, आत डोकावायचे आणि वहीत शून्य लिहायचे. शून्यसुद्धा बघितल्याशिवाय लिहीत नसत. अशा माणसाला म्हणे घरी बसून लिहितो.

काढून टाकल्यावर ते शहरात एका शाळेत घंटा द्यायच्या कामाला लागले. गल्लीतली माणसं टपलेलीच होती. ‘काय हो, आज किती पाऊस पाडताय?’ दुधाच्या रांगेत, न्हाव्याकडे, कुठेही. बाबा घरी आल्यावर चप्पल कोपऱ्यात भिरकावायचे.

आणि खरं सांगायचं तर मुलीलाही मधली दोन-तीन वर्षं वाटत होतं की बाबांनी केलंच असेल. ती चौदा-पंधरा वर्षांची होती. बाबांच्या आकड्यांत पाऊस दुप्पट दिसत होता, त्यांना काढल्यावर नव्या माणसाच्या आकड्यांत तो निम्मा झाला. याला काय उत्तर होतं? उत्तर बाबांकडेही नव्हतं. ‘मी जे दिसलं ते लिहिलं,’ एवढंच ते म्हणायचे. आपल्याला असा संशय आला होता हे तिने कुणालाच सांगितलं नाही. पुढे तिच्यात जो राग साठला, त्यातला बराचसा तिचा स्वतःवरचा होता.

ती शिकली. लग्न केलं. नवऱ्याचं आडनाव लावून प्रादेशिक हवामान कचेरीत अर्ज टाकला.

‘तिथेच कशाला?’ नवरा म्हणाला.

‘तिथेच,’ ती म्हणाली. नवरा शहाणा, त्याने पुन्हा विचारलं नाही.

कचेरीत तिला जुन्या नोंदी तपासायच्या टेबलावर बसवलं. कुठलं केंद्र कधी हललं, कुठल्या तापमापकाचा पारा तुटला, कुणी सहाचे नऊ केले, हे शोधून आकडे दुरुस्त करायचे. म्हणून तिचं नाव पडलं दुरुस्तीबाई. कचेरीचा प्रमुख तोच, आठ शब्दांचा लेखक. तेव्हा तो कोवळा तपासनीस होता, आता डोक्यावर चांदी आणि पोटावर पट्टा. मागे सगळे त्याला सरळरेषा म्हणत. कसलेही ठिपके समोर ठेवा, हा त्यांच्यावर पट्टी ठेवून रेघ मारणार आणि म्हणणार, ‘कल बघा, कल.’ एकदा शिपायाच्या रजांचाही कल काढला होता. शिपाई म्हणाला, ‘साहेब, या रेघेनं गेलो तर पुढच्या वर्षी मी कामावर येणारच नाही.’

दुरुस्तीबाईने नऊ वर्षं त्याला रोज नमस्कार केला. जुन्या कागदांचं कपाट साहेबाच्या खोलीत, किल्ली त्याच्या खिशात. नऊ वर्षं ती त्या कपाटाच्या कुलपाकडे बघत चहा प्यायली.

मग साहेबाची निवृत्ती दोन महिन्यांवर आली आणि जाताना आपल्या नावाचं काहीतरी मागे राहावं अशी त्याला हुक्की आली. पस्तीस वर्षांचा पाऊस आणि तापमान, सगळा कोरडा प्रदेश, एका जाडजूड ग्रंथात. मुखपृष्ठावर त्याचं नाव. राबायचं इतरांनी. कपाट उघडलं, गठ्ठे बाहेर आले, आणि माळावरच्या केंद्राचा गठ्ठा त्याने स्वतःच्या हाताने तिच्या टेबलावर आपटला. धूळ तिच्या चहात पडली.

‘यातली पहिली चार वर्षं सोडून द्या बाई. पाऊस नको, तापमानही नको. थापाड्या माणूस होता तिथे. मीच पकडला.’

‘बरं साहेब,’ ती म्हणाली.

तिने चहा बाजूला ठेवला आणि गठ्ठा सोडला. बाबांचं अक्षर. ठसठशीत, उजवीकडे जरासं कललेलं. प्रत्येक पानावर आडवी लाल रेघ आणि शिक्का: अविश्वसनीय.

तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. शेजारच्या दोन केंद्रांचे त्याच चार वर्षांचे आकडे काढले आणि बाबांच्या आकड्यांशेजारी लावले. आधी तापमान. रोजचं कमाल, रोजचं किमान. शेजाऱ्यांशी तंतोतंत जुळत होतं, अर्ध्या अंशाचाही घोळ नाही. उन्हाळ्यातली एक दुपार तर सत्तेचाळीस पूर्णांक आठ, सगळ्या पस्तीस वर्षांतली सर्वात तापलेली, आणि तीही रेघेखाली गाडलेली. म्हणजे हा माणूस भर उन्हात जाऊन पारा बघून येतो, तो खरा लिहितो, आणि तिथेच दहा पावलांवरच्या पावसाच्या तेवढ्या थापा मारतो? तिचं डोकं तिथेच अडकलं.

मग पाऊस. शेजारी बारा, बाबा चोवीस. शेजारी सात, बाबा चौदा. सरी सगळीकडे सारख्या पडत नाहीत, थोडं इकडेतिकडे होतंच, पण चार वर्षांची सरासरी काढली तर दुप्पट. ना पावणेदोन, ना सव्वादोन. थापा मारणारा कधी जास्त मारतो, कधी विसरतो, कधी घाबरून कमी मारतो. इतक्या शिस्तीत, न चुकता, भुरभुर पावसालासुद्धा दुप्पट करणारा थापाड्या जन्माला यायचा आहे. दुप्पट माणूस करत नाही, भांडं करतं.

या धंद्यातली गोष्ट साधी आहे. पर्जन्यमापक दोन आकारांचे असतात, लहान तोंडाचा आणि मोठ्या तोंडाचा. मोठ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ लहानाच्या बरोबर दुप्पट, म्हणून त्यात पाणीही दुप्पट साठतं. ते मोजायला काचेचं मोजभांडं असतं, त्यावर मिलिमीटरच्या रेघा. मोठ्या तोंडाला मोठ्याचं भांडं, लहान तोंडाला लहानाचं. मापक मोठा आणि भांडं लहानाचं दिलं, की कितीही इमानाने मोजा, वहीत दुप्पट पाऊस उतरणार.

ती तडक तळघरात गेली. तिथे भांडारकाका बसायचे. फुटक्या तापमापकांपासून वाऱ्याच्या पंख्यांपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, आणि एक टाचणी टाकून दिली तरी त्यांचा जीव वरखाली होई.

‘काका, तेहेतीस वर्षांपूर्वीच्या उपकरणांच्या नोंदवह्या आहेत?’

‘आहेत म्हणजे? मी काही फेकतो का? बायको म्हणते तुम्ही स्वतःलाच भंगारात काढत नाही.’

‘माळावरच्या केंद्राला काय गेलं ते बघायचंय.’

काकांनी चष्मा पुसला, शिडी लावली, तीन वह्या खाली टाकल्या आणि स्वतः शिंकत उतरले. मग बोट लावून वाचायला लागले. ‘हं. हे बघ. पर्जन्यमापक, मोठ्या तोंडाचा, एक. मोजभांडं, मोठ्याचं, एक, प्रवासात फुटलं. त्याबदली मोजभांडं, लहानाचं, एक. नेणार तपासनीस. सही... अगं, ही तर आपल्या सरळरेषाची.’

‘पुढे बघा. चार वर्षं पुढे.’

काकांचं बोट सरकत राहिलं आणि थांबलं. ‘मोजभांडं, मोठ्याचं, एक. नेणार तोच.’ त्यांनी पान उलटलं. ‘दोन दिवसांनी मोजभांडं, लहानाचं, एक, परत जमा.’ त्यांनी मान वर केली. ‘यात काय एवढं?’

दोन्ही तारखांच्या मधला दिवस तिला पाठ होता. ते आठ शब्द लिहिलेल्या अहवालाची ती तारीख. म्हणजे तो कचेरीतून निघतानाच बरोबर भांडं खिशात घालून निघाला होता. चूक आपली आहे हे त्याला ठाऊक होतं. माळावर गेला, बाबांचं लक्ष चुकवून भांडी बदलली, जुनं पिशवीत टाकलं आणि अहवालात लिहिलं, उपकरणे निर्दोष.

‘पोरी, तुझा चेहरा का असा झाला?’ काका म्हणाले.

‘काही नाही काका. या पानांवर तुमचा शिक्का मारून नकला द्या. आणि दोन्ही भांडी काढा, एक मोठ्याचं, एक लहानाचं.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती साहेबाच्या खोलीत गेली. टेबलावर ग्रंथाच्या मुखपृष्ठाचे तीन नमुने मांडलेले, साहेब कुठल्या निळ्यात आपलं नाव उठून दिसतं ते बघत होता. तिने दोन भांडी त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्याच तांब्यातलं पाणी मोठ्याच्या भांड्यात दहाच्या रेघेपर्यंत ओतलं. मग तेच पाणी लहानाच्या भांड्यात ओतलं. ते वीसवर जाऊन थांबलं. तिने नकला काढल्या आणि भांड्यांशेजारी ठेवल्या.

साहेबाने भांडं उचलून डोळ्यांसमोर धरलं. पट्टी ठेवायला तिथे काही नव्हतं.

‘जुनी गोष्ट आहे,’ तो म्हणाला. ‘मी नवा होतो. बायको बाळंत व्हायची होती. नोकरी गेली असती माझी.’

‘म्हणून त्याची घालवलीत.’

‘बाई, तो माणूस कोण, कुठचा, आता जिवंत तरी आहे का? आकडे निम्मे करून आत घ्या, कारण लिहा, तांत्रिक दोष. संपलं.’

‘जिवंत आहे. सकाळी माझ्याशी भांडून दोन कप चहा प्यायला. माझे वडील आहेत ते.’

साहेबाचा हात मुखपृष्ठावरून मागे आला. नऊ वर्षं जी बाई मान खाली घालून ‘बरं साहेब’ म्हणत होती तिच्याकडे त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. तिला ते फार आवडलं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, तेही तिने मोजले असते.

‘तांत्रिक दोष नाही लिहिणार,’ ती म्हणाली. ‘दुरुस्तीचा नियम तुमचाच आहे. काय चुकलं, का चुकलं, कुणाचं चुकलं, पूर्ण नावानिशी. गेल्या साली एका निरीक्षकाने शून्यावर शाई सांडली तर त्याचं नाव छापायला लावलंत तुम्ही.’

पण असली माणसं पुरती बुडत नाहीत, बुडताना शेजारच्याचा पाय धरतात. त्याने खण उघडला, नियमांचं पुस्तक काढलं आणि पान शोधलं.

‘मग हाही नियम वाचा. मापक आणि भांडं यांचा मेळ पहिल्या दिवशी पडताळून घेणं हे निरीक्षकाचं काम. भांड्याच्या बुडावर आकार छापलेला असतो. तुमच्या वडिलांनी चार वर्षं बूड बघितलं नाही. माझं नाव येईल तर त्यांचंही येईल. त्यापेक्षा ऐका. तांत्रिक दोष लिहा. मी त्यांना कचेरीचं पत्र देतो, निर्दोष असल्याचं, शिक्क्यासकट. चौकटीत लावा भिंतीवर. मला निघताना डाग नको, तुम्हाला वडिलांचं नाव स्वच्छ. उद्या ग्रंथाच्या मंजुरीची बैठक आहे, त्याआधी सांगा.’

ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसून रेडिओच्या मागच्या तारा खुडबुडत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. तिने सगळं सांगितलं. भांडी, वही, सह्या, तारखा. तिला वाटलं होतं बाबा रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी हाताची मूठ वळली, सोडली, पुन्हा वळली.

‘म्हणाला होता, सगळी भांडी सारखीच असतात, काम चालवा,’ ते म्हणाले. ‘आणि मी चालवलं. तपासनीस म्हणतोय, मग मी कशाला बूड बघतोय? रोज धुवायचो गं ते. धुऊन पालथं घालायचो. बूड माझ्या डोळ्यांसमोर असायचं.’

‘बाबा, तो पत्र देतोय. निर्दोष म्हणून. तुमचं नाव कुठेच येणार नाही.’

‘आणि त्याचं?’

‘त्याचंही नाही.’

‘मग ते पत्र त्यालाच चौकटीत लावायला सांग.’

‘पण मी खरी नोंद लिहिली तर तुमचीही चूक छापली जाईल. कायमची. जो कुणी ती चार वर्षं उघडेल तो वाचेल.’

‘वाचू दे.’ बाबांनी रेडिओ बाजूला सारला. ‘एकोणतीस वर्षं मला लोकांनी खोटारडा म्हटलं. आता गाढव म्हणतील. गाढव मी होतोच, भांड्याचं बूड न बघणारा माणूस गाढवच. खोटारडा नव्हतो. तू लिही. माझं घाल. फक्त त्याचं वरती घाल, माझं खाली.’

‘बाबा, मलाही एकदा वाटलं होतं...’

‘ठाऊक आहे मला. तू पंधरा वर्षांची असताना माझी घरी उतरवून ठेवलेली वही चोरून तपासत होतीस. पान दुमडून ठेवलं होतंस, बावळट. जा, लिहायला बस.’

बैठकीला अकरा माणसं होती. चहाचे पेले, पुढ्यात ग्रंथाची कच्ची प्रत. माळावरच्या केंद्राचं पान आलं तसं साहेबाने तिच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी विचारलं. ती उभी राहिली आणि तिने वाचून दाखवलं. ‘चार वर्षांचा पाऊस दुप्पट नोंदला गेला. कारण, मोठ्या मापकाला लहानाचं मोजभांडं. भांडं देणारे व पुढे चूक कळल्यावर ते गुपचूप बदलून निरीक्षकावर खोटा ठपका ठेवणारे तपासनीस,’ आणि तिथे तिने त्याचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. ‘पहिल्या दिवशी भांडं न पडताळणारे निरीक्षक,’ आणि बाबांचं नाव. ‘तापमानाच्या नोंदी निर्दोष. अविश्वसनीय हा शिक्का रद्द.’ नोंदवहीच्या नकला तिने टेबलावरून फिरवल्या. कागद हातोहात गेले.

‘खालचं नाव यांच्या वडिलांचं आहे बरं का,’ साहेब सगळ्यांना म्हणाला. आवाज चढवायला गेला आणि तो मधेच चिरकला. ‘स्वतःच्या बापाला सोडलं नाही यांनी.’

‘त्यांनीच घालायला सांगितलं,’ ती म्हणाली. ‘तुमचं वरती घ्यायला सांगितलं.’

भांडारकाका कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, ‘वह्या माझ्याकडे आहेत. कुणाला बघायच्या असतील तर शिडी मी धरतो.’ नोंद मंजूर झाली.

पण तिचं पोट भरलं नव्हतं. साहेबाच्या नियमांत आणखी एक नियम होता, खालच्यांवर भरवसा नव्हता म्हणून त्यानेच केलेला. बदललेल्या प्रत्येक आकड्याशेजारी प्रमुखाची सही, स्वहस्ते. चार वर्षांत पाऊस पडलेले दिवस त्र्याहत्तर. संगणकावर सगळे एका दमात निम्मे झाले असते आणि खाली एक सही पुरली असती. तिने तसं केलं नाही. दिवसाला एक कागद केला, जुना आकडा, नवा आकडा, सहीची जागा. आणि त्याच्या शेवटच्या आठवड्यात कागद घेऊन जायला लागली, एकेक करून. साहेब जेवायला बसला की जायची. कुणी निरोप घ्यायला आला की जायची. ‘साहेब, हा जुलैतला चोवीसचा बारा.’ साहेब सही करायचा. ‘साहेब, हा आठचा चार.’ साहेब सही करायचा. त्याने एकदा दार आतून लावलं. ती बाहेर स्टूल घेऊन बसली.

संध्याकाळी बाबा विचारायचे, ‘किती झाल्या?’

‘चौदा.’

‘तोंड कसं होतं?’

ती सांगायची. ते पुन्हा सांगायला लावायचे, सावकाश, काही न गाळता.

निवृत्तीच्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. साहेबाच्या हातात फुलांचा गुच्छ, बायको नवी साडी नेसून खुर्चीत, कुणीतरी भाषणाला उभं राहिलेलं. दुरुस्तीबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. एकच कागद राहिला होता.

‘बाई, आता नाही,’ साहेब हळू आवाजात म्हणाला. ‘उद्या नवा प्रमुख येतोय. तो करेल.’

‘त्याने भांडं बदललं नव्हतं.’

भाषण करणारा थांबला. साहेबाने गुच्छ टेबलावर ठेवला आणि कागद घेतला. भुरभुर पावसाचा दिवस होता तो. जुना आकडा शून्य पूर्णांक सहा, नवा शून्य पूर्णांक तीन.

‘एवढ्याशासाठी?’ तो म्हणाला. ‘तीन दशांश मिलिमीटरसाठी?’

‘त्या दिवशी ते साडेआठला गेले होते,’ ती म्हणाली. ‘सही करा.’

खोलीतली सगळी माणसं बघत होती. बायकोही बघत होती. साहेबाने खिशात पेन शोधलं, सापडलं नाही. दुरुस्तीबाईने आपलं पुढे केलं, आणि तो सही करून होईपर्यंत ती त्याच्या डोक्यावर उभी राहिली.